एमएस असताना डोळ्यांची तपासणी घरी करून घेणं: काय जमतं, काय नाही?

चांदणवेल:

नमस्कार. मला बऱ्याच वर्षांपासून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. घरात वॉकर धरून चालते, बाहेर जायचं तर व्हीलचेअर आणि सोबत कुणीतरी लागतंच. उजव्या डोळ्याला पूर्वी ऑप्टिक न्युरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेचा दाह, होऊन गेलाय. दृष्टी बरीचशी परत आली, पण त्या डोळ्याने लाल रंग विटलेला दिसतो आणि दिवेलागणीला पायरीची कड कळत नाही. हल्ली वाचताना ओळीही सरकल्यासारख्या वाटतात.

डोळे तपासून घ्यायचेत, पण दवाखान्यात जाणं हेच मोठं काम होऊन बसतं. कपडे बदलणं, गाडीत चढणं, तिथे ताटकळणं, यातच दिवसभराची ताकद संपते. आत बोलावतात तोवर तक्त्यावरची अक्षरं पोहायला लागलेली असतात. त्या अवस्थेत निघालेल्या नंबरचा चष्मा दुसऱ्या दिवशी सकाळी लावला की परका वाटतो. म्हणून आता घरी येऊन तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला बोलवावं असं मनात आहे.

घरी नेमकं काय तपासता येतं? दवाखाना कशासाठी गाठावाच लागतो? माझी खरी काळजी अशी, की येणारी व्यक्ती नंबर काढेल, चष्म्याची ऑर्डर घेईल आणि डोळ्याच्या नसेचा विषयच निघणार नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊलवाट:

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा लोकांकडे जाऊन तपासणी करते. तुमची काळजी अगदी रास्त आहे. एमएसमध्ये डोळा म्हणजे फक्त चष्म्याचा नंबर नव्हे. अक्षरं स्पष्ट ६/६ वाचणाऱ्या माणसालाही 'मला नीट दिसत नाही' असं वाटू शकतं, आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

म्हणून वेळ ठरवतानाच फोनवर सांगा: एमएस आहे, उजव्या डोळ्याला ऑप्टिक न्युरायटिस होऊन गेलाय, आणि आता ओळी सरकतात. नुसतं 'नंबर तपासायचाय' म्हणालात तर समोरचा तेवढ्याच तयारीने येईल. समोरून 'हो, चालेल' एवढंच उत्तर आलं तर थेट विचारा, की बाहुल्यांची प्रतिक्रिया, रंग, डोळ्यांच्या हालचाली आणि मागचा पडदा बघणार का? जो हे सगळं करतो तो लगेच सांगतो.

घरी बरंच काही होतं. भिंगांची पेटी आणि ट्रायल फ्रेम घेऊन नंबर काढता येतो. रेटिनोस्कोपमुळे तर तुम्ही काहीही न वाचता नंबराचा चांगला अंदाज येतो, आणि दमणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. डोळ्याचा पुढचा भाग हातात धरायच्या स्लिट लॅम्पने दिसतो. डोळ्यातलं प्रेशर मोजायला रिबाउंड टोनोमीटर असतो. त्याची बारीक हलकी सळी बुबुळाला क्षणभर टेकते, बधिर करायचे थेंब लागत नाहीत. काही मॉडेल्स आडव्या माणसाचंही प्रेशर मोजतात. मात्र आडवं असताना प्रेशर थोडं जास्तच येतं, म्हणून कोणत्या स्थितीत मोजलं ते कागदावर लिहून घ्यायचं.

एमएस असलेल्या माणसाकडे मी सर्वांत आधी बाहुल्या बघते. खोलीत थोडा अंधार करून टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यायचा, पुन्हा परत आणायचा. चांगल्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच उजेड दुखावलेल्या नसेच्या डोळ्यावर नेला की बाहुली आकसण्याऐवजी हळूच मोठी होते. मिनिटभराचं काम, पण नसेबद्दल खूप सांगून जातं. बाहुली मोठी करायचे थेंब एकदा पडले की ही खूण त्या दिवसापुरती हरवते, म्हणून क्रम महत्त्वाचा. येताक्षणी कुणी थेंब टाकायला लागलं तर थांबवा आणि 'आधी बाहुल्या बघितल्या का?' असं विचारा. विचारायला अजिबात संकोच नको.

मग रंग. एकच लाल वस्तू, बाटलीचं झाकणही चालतं, एकेका डोळ्याने बघायची आणि कोणत्या डोळ्याला लाल किती फिकट ते सांगायचं. त्यानंतर फिकट करड्या अक्षरांचा तक्ता. काळ्या ठळक अक्षरांत जे लपून राहतं ते इथे उघडं पडतं. तुमची दिवेलागणीची पायरी त्यातलीच आहे, ताई: पायरीची कड आणि खालची फरशी यांच्या छटांमधला फरक कमी झाला की नस तो पकडू शकत नाही.

घरी होत नाही ते म्हणजे ओसीटी, म्हणजे पडद्यावरच्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन. त्याची जुनी नोंद असेल तर नव्याशी ताडून बघता येतं, म्हणून ते अधूनमधून झालेलं बरं. दृष्टिक्षेत्राची पूर्ण तपासणीही बहुधा मोठ्या यंत्रावरच करावी लागते. घरी समोर बसून, बोटं हलवून केलेल्या चाचणीत मोठी उणीव कळते, बारीक नाही.

मोरपीस:

माझी पत्नी एमएसमुळे पूर्णपणे अंथरुणावर आहे, त्यामुळे तिची सगळी तपासणी घरीच होते. दोन गोष्टी कुठेच लिहिलेल्या सापडत नाहीत, त्या सांगतो.

तिला चेहऱ्याच्या उजव्या बाजूला ट्रायजेमिनल न्युराल्जिया आहे. गालाला वारा लागला तरी कळ येते. ट्रायल फ्रेम लोखंडी, जड, नाकावर आणि कानामागे दाबून बसणारी. तपासणाऱ्या बाईंनी ती नेहमीप्रमाणे लावली आणि हिचा श्वासच अडकला. पुढच्या वेळी मी दारातच सांगितलं. त्यांनी फ्रेम बाजूला ठेवली, एकेक भिंग हातात धरून डोळ्यापुढे आणलं, आणि पापणी उचलायची झाली तर 'आता हात लावते' असं आधी म्हणूनच लावली. तेवढ्याने फरक पडला. ज्यांना चेहऱ्याला दुखतं किंवा ज्यांचा चेहरा बधिर आहे त्यांनी हे आधी सांगाच.

दुसरी गोष्ट चष्म्याच्या मापाची. ही उशांना टेकून, मान डावीकडे झुकलेली अशी असते. तिचा वाचायचा चष्मा ताठ बसलेल्या माणसाच्या मापाने केला तर भिंगाचा मध्य तिच्या बाहुलीसमोर येतच नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाई तिला रोजच्यासारखं टेकवून बसवतात, हातात रोजचंच पुस्तक देतात, त्या अंतराला फीत लावतात आणि मग नंबर काढतात. घरी येण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. दवाखान्याच्या खुर्चीत ती कधी जशी बसत नाही तशी बसवून केलेला चष्मा तिच्या काय कामाचा?

पाऊलवाट:

मोरपीस दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. व्हीलचेअरवाल्यांनाही हेच लागू. बायफोकलची खालची खिडकी किती उंचीवर हवी ते त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या बसण्यात मोजायचं. आणि जे अडखळत का होईना चालतात त्यांना मी बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह शक्यतो देत नाही. खाली बघताना पाय वाचायच्या भिंगातून दिसतात, जमीन धूसर होते, आणि तोल आधीच डळमळीत असतो. दूरचा वेगळा, जवळचा वेगळा, असे दोन चष्मे बरे.

पूर्ण आडवं पडून वाचणाऱ्यांसाठी एक प्रिझमचा चष्मा मिळतो. नजर छताकडे असते, पण छातीवर टेकवलेलं पुस्तक समोर दिसतं. मान उचलावी लागत नाही. मानेत जोर नसलेल्यांनी एकदा लावून बघावा.

कोवळं_ऊन:

मी नवीन आहे. काही महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्याचं निम्मं दिसणं गेलं, डोळा फिरवला की दुखायचं, आणि त्यातूनच एमएसचं निदान झालं. आता बरंच परत आलंय. पण गरम पाण्याने आंघोळ केली किंवा जिने चढलो की त्याच डोळ्यासमोर धुरकट पडदा येतो. अर्ध्या तासाने जातो. दर वेळी वाटतं, नवा अटॅक आला. यासाठी घरी कुणाला बोलवावं का?

निळाई:

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. कोवळं ऊन, तू सांगतोस त्याला उटहोफची घटना म्हणतात. विल्हेल्म उटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. श्रम केल्यावर रुग्णांची नजर मंदावते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कारण उष्णता आहे हे पुढे कळलं. नसेवरचं मायलिन, म्हणजे तिचं आवरण, जिथे खरवडलं गेलंय तिथून संदेश आधीच कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी तो तिथेच अडतो, आणि शरीर थंड झालं की पुन्हा जायला लागतो. नस नव्याने दुखावली जात नाही. कोमट पाणी, पंखा, मानेवर ओला रुमाल, एवढं पुरतं.

नवा रिलॅप्स, म्हणजे नवा अटॅक, म्हणायचा तर लक्षण निदान २४ तास टिकायला हवं, आणि ताप किंवा संसर्ग नसायला हवा. मूत्रमार्गाच्या संसर्गात जुनी लक्षणं सगळी एकदम वर येतात आणि लोक घाबरतात. आधी ताप आणि लघवी तपासा.

या धाग्यावर घरच्या तपासणीचं चांगलं चाललंय, मी पूर्ण सहमत आहे. पण काही वेळा घरच्या अपॉइंटमेंटची वाट अजिबात बघायची नसते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत नजर उतरली, डोळा फिरवताना दुखतंय, अचानक एकाचे दोन दिसायला लागले, तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टला फोन. डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत वलयं, डोकं ठणकतंय, उलटी होतेय, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तेव्हा थेट इमर्जन्सी. डोळ्यासमोर विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस, कडेने काळी सावली सरकत येणं, हे डोळ्याच्या आतला पडदा सुटल्याचं लक्षण असू शकतं. एमएस आहे म्हणून प्रत्येक गोष्ट एमएसचीच असते असं नाही, हे मी रोज बघते. आणि दोन्ही डोळे एकदम, फार तीव्रपणे गेले तर एनएमओ किंवा मॉग या वेगळ्या आजारांची रक्तचाचणी करावी लागते, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत.

कोवळं_ऊन:

खूप खूप धन्यवाद, डॉक्टर. एक विचारू का? घरात स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्यात. पुन्हा तसंच झालं तर हॉस्पिटलला न जाता त्या सुरू केल्या तर?

निळाई:

नको. हे कळकळीने सांगते, आणि कारणही सांगते. ऑप्टिक न्युरायटिसच्या उपचारांवरची मोठी चाचणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून जास्त डोसचं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिल्याने नजर लवकर परत येते, पण काही महिन्यांनंतरची अंतिम नजर औषध न घेतलेल्यांसारखीच असते, असं त्यात दिसलं. आणि नेहमीच्या डोसच्या प्रेडनिसोनच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना ऑप्टिक न्युरायटिस पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं. घरात उरलेल्या गोळ्या म्हणजे नेमका तोच डोस.

खूप जास्त डोसच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. २०१५ मधल्या एका फ्रेंच चाचणीत रिलॅप्ससाठी तोंडाने रोज १००० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन ३ दिवस देणं हे शिरेतून देण्यापेक्षा कमी पडलं नाही. त्यामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना हा उपचार काही वेळा घरीच घेता येतो. मात्र तो न्यूरोलॉजिस्टने ठरवायचा, संसर्ग नाही याची खात्री करून, साखर आणि रक्तदाब बघत. त्यांना एकदा विचारून ठेव: 'पुन्हा झालं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा?' उत्तर कागदावर लिहून घे.

औषधांवरून आणखी थोडं. घरी येणाऱ्याला औषधांची पूर्ण यादी दाखवायलाच हवी. वारंवार स्टेरॉइड घेतलेल्यांना मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, प्रेशर वाढू शकतं. एमएसवरचं फिंगोलिमोड आणि त्याच कुळातल्या औषधांनी क्वचित पडद्याच्या मध्यभागी सूज येते. फिंगोलिमोड सुरू केल्यावर ३ ते ४ महिन्यांनी डोळे तपासायचे असतात, आणि मधुमेह किंवा पूर्वी युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) झालेल्यांनी जास्तच जपायचं. या तपासणीसाठी ओसीटी सर्वांत चांगलं, त्यामुळे ही एक फेरी वाचवू नका. लघवीच्या घाईवर दिलेल्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या, किंवा दुखण्यावर दिलेलं अमिट्रिप्टिलिन, यांनी डोळे कोरडे पडतात आणि जवळचं धूसर होतं. 'एमएसने नजर गेली' म्हणून आलेल्यांपैकी कुणाकुणाचं मूळ त्या गोळीत निघतं. पण गोळी मनाने बंद करायची नाही, लिहून देणाऱ्याशी बोलायचं.

अंतरा:

वेगळं मत मांडते. माझ्या आईला एमएस आहे आणि मी तिला कितीही कष्ट पडले तरी दवाखान्यातच नेते. घरी येणाऱ्यांकडे सगळी यंत्रं नसतात हे वर आलंच आहे. अर्धवट तपासणीने 'सगळं ठीक आहे' असं खोटं समाधान मिळालं तर? आजारी माणसाच्या बाबतीत तडजोड का करायची?

मोरपीस:

अंतरा, तुमची तळमळ कळते. पण प्रत्येकाला नेता येतंच असं नाही. माझ्या पत्नीला स्ट्रेचरवरून उतरवेपर्यंत पायांचे स्नायू असे आखडतात की नंतर तिला कशातच लक्ष देता येत नाही. तिच्या बाबतीत घरची तपासणी आणि दवाखान्याची तपासणी असे दोन पर्याय कधी नव्हतेच. घरची तपासणी किंवा काहीच नाही, एवढंच होतं. तिचा मोतीबिंदू घरीच कळला, आणि मग शस्त्रक्रियेसाठी एकदाच, नीट तयारी करून नेलं.

पाऊलवाट:

अंतराचा मुद्दा मी मात्र गंभीरपणे घेते. 'सगळं ठीक आहे' असं मी एमएसच्या कोणत्याही घरी म्हणत नाही. काय बघितलं, काय बघता आलं नाही, आणि पुढे कोणती चाचणी कधीपर्यंत व्हायला हवी, हे लिहून देते आणि प्रत न्यूरोलॉजिस्टकडे जाऊ द्या म्हणते. नसेची माहिती त्यांनाही हवी असते. एमएसच्या निदानाच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत डोळ्याच्या नसेला आजाराच्या खुणा शोधायची पाचवी जागा म्हणून मान्यता मिळालीय, म्हणजे निदान करताना ती आता थेट मोजली जाते. जो तपासनीस असा कागद देत नाही त्याला पुन्हा बोलावू नये.

दुसरं, चांदणवेल ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की दमल्यावर अक्षरं पोहतात. दवाखान्यात यंत्रं सगळी असतात, पण ती दमलेल्या डोळ्यांवर चालतात. सकाळी, विश्रांतीनंतर, थंड खोलीत घेतलेला नंबर जास्त भरवशाचा असतो. मी तर कित्येकदा एका भेटीत नंबर आणि दुसऱ्या भेटीत थेंब टाकून पडदा, असं विभागून करते. थेंबांचा परिणाम ४ ते ६ तास राहतो. त्या दिवशी बाहेरचा प्रवास नसतो हा घरचा फायदा, पण चालणाऱ्यांनी तेवढा वेळ बसूनच राहावं, सोबतीशिवाय उठू नये.

रिलॅप्स नुकताच झाला असेल तर चष्माच करू नका. नजर २–३ आठवड्यांत सुधारायला लागते आणि पुढे काही महिने सुधारत राहते. मध्येच केलेला चष्मा फुकट जातो.

शब्दखूण:

माझे हात थरथरतात आणि बोटांना स्पर्श नीट कळत नाही. कोरडेपणासाठी थेंब दिलेत. अर्धी बाटली गालावर जाते. डोळ्यात पडला की नाही तेही कळत नाही. कुणी मदतीला नसतं तेव्हा काय करता?

मोरपीस:

पत्नीचे हात चालत होते तेव्हा ती असं करायची. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत ओघळतो, नेम धरावा लागत नाही. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवलं की थरथर बरीच कमी होते. बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर गार थेंब पडलेला कळतो. अर्थात त्या औषधाला फ्रिज चालतो का ते वेष्टनावर बघून.

निळाई:

अगदी बरोबर. त्यात भर: थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. एकदा वापरायच्या छोट्या कुप्यांचं टोक मोडायला बोटांत जोर लागतो. बाटलीला बसणारा आधार आणि दाबायला सोपी पकड, अशी साधनं औषधाच्या दुकानात मागा.

शब्दखूण, तुमचा चेहराही बधिर असेल तर एक गोष्ट मनावर घ्या. बुबुळाची संवेदना कमी असली की कचरा गेला, ओरखडा आला, तरी दुखत नाही. रोज आरशात डोळा बघा किंवा कुणाला बघायला सांगा. लाली, पांढरा ठिपका किंवा चिकट स्राव दिसला तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पापणी पूर्ण मिटत नसेल तर रात्री मलम घालून झोपा.

चांदणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुम्ही सांगितलंत तसं फोनवर सगळं बोलले. पहिल्या ठिकाणी 'चष्म्याचंच बघतो आम्ही' असं स्पष्ट सांगितलं, ते बरं झालं. दुसऱ्या बाई आल्या. सकाळीच बोलावलं होतं, खोली गार करून ठेवली होती.

त्यांनी आधी टॉर्चने बाहुल्या बघितल्या, मग लाल झाकण. मग मला एक बोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकन बघायला सांगितलं, आणि पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं. डावीकडे बघताना माझा उजवा डोळा आतल्या बाजूला उशिरा पोचतो, तोवर दुसरा पुढे गेलेला असतो. ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उडी मारताना हेच होतं, म्हणून ओळी सरकतात असं त्यांनी समजावलं. इतके दिवस मी नंबर वाढला असेल असं धरून चालले होते. नंबर जवळपास तोच आहे!

आणखी एक. मी सहज म्हणाले की भांड्यात पाणी ओतताना धार बाजूला पडते, आणि समोरून जाणारी गाडी वळून माझ्याच अंगावर येतेय असं वाटतं. त्यावर त्या एकदम थांबल्या आणि लंबकासारखी एक दोरी समोर आडवी हलवून दाखवली. मला ती सरळ जाताना दिसेना, अंडाकृती फिरताना दिसली. त्याला पुलफ्रिचची घटना म्हणतात म्हणे. दुखावलेल्या नसेकडून चित्र मेंदूला जरा उशिरा पोचतं, आणि त्या उशिराचा अर्थ मेंदू जवळ-लांबचं अंतर असा लावतो. चांगल्या डोळ्यापुढे हलकी करडी काच धरली तर दोन्ही चित्रं जवळपास एकाच वेळी पोचतात. धरून बघितली, आणि दोरी खरंच जवळजवळ सरळ दिसली. मला रडूच आलं. किती वर्षं मी स्वतःला वेंधळी समजत होते.

ओसीटी आणि न्यूरोलॉजिस्टच्या भेटीसाठी त्यांनी पत्र दिलंय, दोन्ही एकाच दिवशी उरकायचं ठरवलंय. आणि वाचण्यासाठी चष्म्यावर चिकटवायची प्रिझमची पातळ पट्टी करून बघू असं म्हणाल्या. ती कुणी वापरलीय का? धुता येते का?

निळाई:

कार्ल पुलफ्रिच यांनी १९२२ मध्ये हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा स्वतःचा एक डोळा निकामी होता, त्यामुळे ज्या घटनेला त्यांचं नाव मिळालं ती त्यांना कधी पाहताच आली नाही. ताई, करड्या काचेचा चष्मा घरात, दिवसा वापरा. संधिप्रकाशात नको, नाहीतर चांगल्या डोळ्याचाही उजेड कमी होईल. पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी चिकटवा, ती जास्त कामाची.

पाऊलवाट:

ती फ्रेनेल प्रिझम. मऊ प्लॅस्टिकची, एका बाजूला बारीक खाचा असतात. गुळगुळीत बाजू भिंगाच्या आतल्या अंगाला चिकटते, खाचांची बाजू डोळ्याकडे. गोंद नसतो, भिंग आणि पट्टी पाण्यात बुडवून बसवतात आणि आतले बुडबुडे अंगठ्याने बाहेर ढकलतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन खाचांच्या दिशेने घासायचं. कापडाने कोरडी पुसू नका, चरे पडतात. कालांतराने पिवळी पडते, मग बदलून घ्यायची. त्या पट्टीतून थोडं धूसर दिसतं, म्हणून ती बहुधा कमजोर डोळ्यापुढे लावतात.

तुमच्यासाठी एक शंका मात्र आहे, ती त्यांना विचारा. प्रिझमचा उपयोग तेव्हा जास्त, जेव्हा दोन डोळ्यांमधला फरक सगळीकडे बघताना सारखाच राहतो. तुमचा फरक बाजूला बघतानाच येतो असं दिसतंय. त्यामुळे आधी पट्टी काही दिवस उसनी घेऊन बघा, कायमची नंतर. तोवर वाचायला एक सोपी युक्ती: काळ्या जाड कागदात एका ओळीएवढी लांबट खाच कापा आणि ती ओळीवर ठेवून खाली सरकवत वाचा. नजर इकडेतिकडे उडत नाही. पुस्तक थोडं उजवीकडे धरून आणि डोळ्यांऐवजी मान वळवून वाचलं तर डोळ्याला आत जाण्याचे कष्ट कमी पडतात. दिवा एलईडीचा, बाजूने उजेड देणारा घ्या. तापणारा दिवा तोंडाजवळ ठेवला तर त्या उष्णतेनेही नजर मंदावते. आणि अगदी दोन-दोनच दिसायला लागलं तर एका भिंगावर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून वाचन उरका, पण चालताना ती काढा, कारण एका डोळ्याने खोली कळत नाही.